उताराचा हिशेब

आमच्या गेममध्ये ट्रक रिकामा झाला रे झाला
की पडद्यावर नाणी खुळखुळायची.
माल उतरला, पैसे जमा.
तिसऱ्या फेरीला दुसरा ट्रक,
दहाव्या फेरीला स्वतःची कंपनी.
साहेब म्हणाले, मुक्ता, हे अर्थकारण जरा खरं वाटू दे.

खऱ्याच्या चौकशीला लांब जावं लागलं नाही.
बाणेरच्या आमच्या इमारतीला रात्रपाळीला
कोरेअप्पा असतात, निलंग्याचे.
सव्वीस वर्षं दहा टायरी चालवली,
आता शिट्टी आणि रजिस्टर.
पगार एजन्सीकडून विसाव्या तारखेला, कधी पंचविसाव्या.
त्यांना खुर्चीत बसवलं, हातात कंट्रोलर दिला.
ते आधी गाडीतून उतरायचं बटण शोधू लागले.
"टायर ठोकून बघाय लागतंय, पोरी."
तसं बटण नव्हतं.

मग माझ्या वहीत उतरत गेलं:
चाकणच्या गेटवर नंबर लागेपर्यंत दीड दिवस, त्याचे पैसे शून्य.
निम्मं भाडं निघताना,
उरलेलं पोच परत आल्यावर,
म्हणजे पंचेचाळीस दिवस, म्हणजे साठ.
दलाली. हमाली. वराई. काटा.
पोच भिजली तर कापणार.
एक खोकं चेपलं तर अख्ख्या थराचे कापणार.
"आणि रिटर्न?"
"रिटर्न कुणाच्या हातात हाय?
होसूरला चार दिस गाडीखाली झोपलोय,
शेवटी रद्दी पुठ्ठा भरला, डिझेलपुरता."

सगळं घातलं मी. नाणी काढली.
खुळखुळाटाच्या जागी एक कोरा रकाना ठेवला: येणे बाकी.
चाचणीला घेतलेली चौदा पोरं
पहिल्या आठवड्यातच बुडाली.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. यात मजा कुठंय?
मी तोच प्रश्न रात्री खाली नेला.
"मजा व्हती की," अप्पा म्हणाले,
"अणदूरच्या फुडं एक चहावाला..."
तेवढ्यात एक गाडी आली, ते गेट उघडायला गेले,
आणि वहीतली ती ओळ तशीच राहिली.

दुसऱ्या आठवड्यात वारज्याचा एक पोरगा नफ्यात आला.
मी त्याच्या फेऱ्या उघडून बसले.
कात्रजचा नवा बोगदा संपला
की थेट नवले पुलापर्यंत उतार.
तिथं तो गिअर काढायचा. न्यूट्रल.
इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी आपली आपण पळते,
काटा हलत नाही,
फेरीमागे सव्वाशे रुपये सुटतात.
कुणी शिकवलं नव्हतं त्याला.
मी कोडमध्ये ते कुठंच लिहिलं नव्हतं,
फक्त डिझेलचा भाव लिहिला होता, आणि भाड्याचा.
गुरुवारपर्यंत चौदाच्या चौदा न्यूट्रलमध्ये.
मी दोष म्हणून नोंद केली, लाल रंगात.

रात्री अप्पांना ते रेकॉर्डिंग दाखवलं.
बोगद्याचं तोंड, मग एकदम खाली पसरलेले शहराचे दिवे.
ते काही बोलले नाहीत.
टेबलाखाली त्यांचा उजवा पाय
फरशी दाबत होता,
चपलेचा अंगठा सुटेस्तोवर.

"किती भरलाय त्यानं?"
"एकवीस टन."
"नऱ्ह्यापाशी लायनरचा वास येतोय. जळका.
ह्यात वास न्हाई."
मग चप्पल पायात घालता घालता, 
"त्या पोराला वाटत असंल त्यानंच शोधून काढलंय.
मलाबी तसंच वाटलं हुतं."

सकाळी साहेबांनी विचारलं, झाला का दोष दुरुस्त?
म्हटलं, एकच उपाय आहे, भाडं वाढवावं लागेल.
ते हसले. मग खरं कसं वाटेल?
नोंद अजून उघडीच आहे.
आज फक्त एक गोष्ट जोडली मी,
थांबलेल्या गाडीतून खाली उतरायचं बटण.